पाच युनिटांची वर्गणी

जून २०१० मधली गोष्ट. अमेरिकेच्या आयोवा राज्यात एम्स नावाचे गाव आहे. तिथे राहणाऱ्या क्रिस आणि हेलन कॉल्विन या दांपत्याचा संगणक नेहमीप्रमाणे रिकाम्या वेळात एक परके काम करीत होता. इंटरनेटवरून आलेला मोजमापांचा एक तुकडा त्याने तपासला आणि उत्तर परत पाठवून दिले. त्याच सुमारास जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात, संगीत आणि संगणक यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या विभागात, डॅनियल गेबहार्ट यांच्या यंत्रानेही तोच तुकडा तपासला आणि तेच उत्तर दिले. शास्त्रज्ञांनी दोन्ही उत्तरे ताडून पाहिली, मोठ्या दुर्बिणी त्या दिशेला वळवल्या, आणि ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बातमी आली. पृथ्वीपासून सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षे दूर, एका सेकंदात जवळजवळ एक्केचाळीस गिरक्या घेणारा एक नवा पल्सार, म्हणजे स्पंदन करणारा तारा, सापडला होता. शोधाच्या श्रेयात या तिघांची नावे होती. तिघांपैकी एकही खगोलशास्त्रज्ञ नव्हता!

या उपक्रमाचे नाव ‘आइनस्टाइन ॲट होम’. तो १९ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. कल्पना अगदी साधी. शास्त्रज्ञांकडे मोजमापांचे डोंगर आहेत, पण ते उपसायला पुरेसे संगणक नाहीत. उलट जगभरच्या घराघरांत कोट्यवधी संगणक आहेत, आणि ते बराच वेळ नुसते बसून असतात. मग डोंगराचे लहान लहान तुकडे करून घरोघर वाटून दिले तर? आपल्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी अशीच जमते. एखाद्या सावकाराने पाच लाख देण्याची वाट न पाहता पाचशे घरांतून शंभर-दोनशे गोळा करायचे, आणि मंडप उभा राहतो. इथे वर्गणी पैशांत द्यायची नसते, संगणकाच्या वेळेत द्यायची असते. पण संगणकाचा वेळ फुकट नसतो. तो विजेवर चालतो आणि विजेचे बिल येते. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच आकाशाआधी बिलाकडे गेले.

या सगळ्याची सुरुवात बहुतेकांना आठवते ती ‘सेटी ॲट होम’मुळे. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने ते सुरू केले. परग्रहावरच्या कोणी रेडिओ संदेश पाठवला असेल तर तो अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीने नोंदवलेल्या गोंगाटातून शोधून काढायचा. त्या काळी संगणकाच्या पडद्यावर त्याचा रंगीबेरंगी आलेख हलत असे आणि घरी आलेले पाहुणे ‘हे काय?’ म्हणून विचारीत. एकवीस वर्षांत लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. परग्रहवासीयांचा एकही पक्का संकेत मिळाला नाही आणि ३१ मार्च २०२० रोजी नवीन कामे वाटणे बंद झाले. पण त्यातून एक उपयोगी गोष्ट मागे राहिली. डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने बर्कलीत २००२ पासून ‘बॉइंक’ नावाची एक संगणकप्रणाली तयार झाली. तिच्यावर कोणीही शास्त्रज्ञ आपला उपक्रम चालवू शकतो आणि कोणीही सामान्य माणूस आपल्या पसंतीचा उपक्रम निवडू शकतो. आइनस्टाइन ॲट होम याच बॉइंकवर चालते.

मी हे सारे वाचून होतो. प्रत्यक्ष चालताना पाहिले ते मात्र ग्वाल्हेरला, नई सडकेवर, माझ्या मामांच्या घरी, गेल्या डिसेंबरात.

ज्यांनी ग्वाल्हेर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नई सडक ही लष्कर भागातली. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि तिचेच पुढे शहर झाले, म्हणून नाव लष्कर. खाली दुकाने, वर आणि मागे जुनी घरे, आणि त्या घरांत पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेली मराठी कुटुंबे. आपल्या सीमाभागात मराठी माणूस म्हटला की भाषेचा प्रश्न आधी दारात येऊन उभा राहतो. तिथे घरात मराठी आणि दारात हिंदी इतके सहज चालते की कोणाला त्यात काही सांगण्यासारखे आहे असे वाटतच नाही. मामा मराठीत सुरू करतात आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोहोचतात.

मामा महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले. वय एकाहत्तर. चहा झाल्यावर म्हणाले, “चल, तुला आमचा मुनीम दाखवतो.” जिन्याच्या वळणावर जाड भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे कंदील ठेवीत. आता तिथे पत्त्यांच्या जोडाएवढी एक पाटी होती, तिच्यावर धातूचे दातेरी तुकडे चिकटवलेले आणि रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा एक पंखा बारीक घूं घूं करीत होता. पडदा नाही, कळफलक नाही. एक वायर विजेची, एक इंटरनेटची. हा रास्पबेरी पाय. मामांच्या मुलाने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी घेतला होता. प्रकल्प झाला, मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि यंत्र खणात पडून राहिले. निवृत्त माणसाला घरातली कोणतीही वस्तू पडून राहिलेली बघवत नाही. मामांनी मुलाला फोन केला, दोन रविवार दोघांनी फोनवरच खटपट केली आणि मुनीम कामाला लागला.

रास्पबेरी पाय हा इंग्लंडातल्या केंब्रिजचा. मुलांना संगणक नुसता वापरता न येता तो घडवताही यावा, प्रोग्रॅम लिहिता यावा, म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पस्तीस डॉलरला बाजारात आणला. त्याच्या पोटातली चिप आपल्या मोबाइलमधल्या चिपच्याच कुळातली, एआरएम नावाची. हे कूळ मुळातच वीज जपून वापरणारे. मोबाइल बॅटरीवर चालतो, तेव्हा त्याला उधळेपणा परवडत नाही. मामांकडचा पाय चौथ्या पिढीचा आहे, म्हणजे २०१९ साली निघालेला. त्यात चार गणनकेंद्रे आहेत, म्हणजे एकाच वेळी चार कामे चालू शकतात. चारही पूर्ण जोमाने चालली तरी भिंतीतून सहा-सात वॉट वीज लागते. मामांच्या भाषेत, “झीरोच्या बल्बाच्या निम्मं.” (झीरोचा बल्ब म्हणजे रात्री लावायचा तो पंधरा वॉटचा. नाव शून्याचे, पण मीटर मात्र पळवतो!)

आता हिशेब करू. सात वॉट, दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस. उत्तर येते पाच युनिट. त्याऐवजी मामांचा जुना मोठा संगणक लावला असता तर? तो शंभर वॉट खातो. रात्रंदिवस चालवला तर महिन्याला बहात्तर युनिट. रोज दहाच तास चालवला तरी तीस.

इथे मामींचा प्रवेश होतो. घरचे बिल मामी भरतात. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे आणि प्रत्येक रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने मीटरचा आकडा लिहिलेला असतो. यामागे कंजूषपणा नाही, धोरण आहे. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये ‘इंदिरा गृह ज्योती’ या नावाने आलेली आणि पुढे ‘अटल गृह ज्योती’ झालेली एक योजना आहे. महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत राहिला तर पहिल्या शंभर युनिटांचे फक्त शंभर रुपये. दीडशेच्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत संपली, साऱ्या युनिटांना नेहमीचा दर. म्हणजे एकशेपन्नासावे युनिट आणि एकशेएक्कावन्नावे युनिट यांच्यात किंमतीचा जिना नसतो, कडा असतो! आम्ही वर्गात ‘सीमांत खर्च’ म्हणून फळ्यावर आकृती काढतो आणि मुले जांभया देतात. मामींना सीमांत खर्च पाठ आहे, फक्त त्याचे नाव माहीत नाही.

मामांच्या घरचा हिवाळ्यातला वापर एकशेपस्तीस ते एकशेचाळीसच्या दरम्यान. मोठा संगणक रोज दहा तास लावला की आकडा एकशेसत्तरच्या आसपास जातो, सवलत जाते, आणि बिलात काहीशे रुपयांची भर पडते. पेन्शनीच्या घरात हा विषय लहान नाही. सुरुवातीला मामांनी तो मोठा संगणकच लावला होता. महिनाअखेर बिल आले आणि मामींनी शांतपणे विचारले, “हा तारा कोणाच्या खर्चाने शोधताय?” मामा म्हणाले, विज्ञानासाठी आहे. मामी म्हणाल्या, “विज्ञानासाठी द्या की. पण मला विचारून द्या. मंदिरात देणगी देतानासुद्धा आपण आधी बोलतो.” मला हे फार पटले. या विषयावरच्या लेखनात यंत्राचा वेग, गुण, क्रमवारी यांची चर्चा भरपूर असते. बिल भरणाऱ्याची संमती क्वचित दिसते. दान देणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, असे झाले की त्याला दान म्हणणे कठीण.

तडजोड निघाली ती पायच्या रूपाने. पाच युनिट महिन्याला, कड्यापासून सुरक्षित अंतर. त्यावर मामींनी दोन अटी घातल्या. एक, कोणत्याही रविवारी हिशेब केल्यावर महिनाअखेर एकशेपंचेचाळीस ओलांडेल असे दिसले तर मुनीम रजेवर. दोन, मे आणि जूनमध्ये तो बंद. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, कूलर रात्रंदिवस चालतो आणि दीडशेची रेघ त्या महिन्यांत पाळणे मुश्किलच असते. शिवाय यंत्रालाही उन्हाळा मानवत नाही. पायची चिप ऐंशी अंशांवर गेली की ती स्वतःहून वेग कमी करते. भिंतीतला दगडी कोनाडा, दातेरी धातू आणि पंखा हे सारे त्यासाठीच. मामांनी हिवाळ्यात आणि एप्रिलात मोजून पाहिले आहे. एप्रिलातल्या दुपारी त्याच कामाला जास्त वेळ लागतो, कारण मुनीम दम खात खात काम करतो.

दुसरा शत्रू म्हणजे अचानक जाणारी वीज. मोठ्या संगणकाला चकती असते, पायचा सारा संसार बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर. लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड बिघडते. मामांची दोन कार्डे अशी गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी तो इन्व्हर्टरच्या ओळीवर घेतला. चालू काम मात्र सहसा बुडत नाही, कारण बॉइंक दर थोड्या वेळाने ‘इथवर झाले’ अशी खूण करून ठेवते आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. आणखी एक गंमत म्हणजे या पायला स्वतःचे घड्याळ नाही. वीज जाऊन आली की इंटरनेटला विचारल्याशिवाय त्याला आज तारीख काय हेच कळत नाही! ताऱ्यांच्या स्पंदनांचा सूक्ष्म काळ मोजणारे यंत्र, आणि त्याला स्वतःची तारीख विचारावी लागते.

पण तो नेमके करतो काय? या लहान यंत्रांच्या वाट्याला मुख्यतः रेडिओ पल्सार शोधण्याची कामे येत आली आहेत. पल्सार म्हणजे प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा. वस्तुमान सूर्यापेक्षाही थोडे अधिक आणि आकार एखाद्या शहराएवढा. तो स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहासारखा त्याचा रेडिओझोत आपल्यावरून जातो, प्रत्येक फेरीला एक ठोका. १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला पल्सार सापडला. अडचण अशी की हा ठोका फार क्षीण असतो. महाराज बाड्यावर संध्याकाळी उभे राहा आणि पलीकडच्या गल्लीत कोणी तबल्यावर ठेका धरलाय तो ऐकायचा प्रयत्न करा. एक ठोका ऐकू येणार नाही. पण लय माहीत असेल तर त्या त्या क्षणी काय ऐकू आले ते एकावर एक रचत गेल्यास गोंगाट विरतो आणि ठेका वर येतो. लय माहीत नसेल तर? मग एकेक लय लावून पाहायची. ताऱ्यांमधल्या जागेत विद्युतकणांचा विरळ मुलामा आहे. त्यातून येताना खालच्या पट्टीचे सूर वरच्या पट्टीच्या मागे पडतात. किती मागे, तेही माहीत नाही, म्हणून तेही लावून पाहायचे. आणि तो पल्सार दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल तर आणखी पंचाईत. ग्वाल्हेरच्या मेळ्यातल्या पाळण्यात बसून कोणी टाळ वाजवत असेल तर पाळणा जवळ येताना ठोके दाटतात, दूर जाताना विरळ होतात. पाळणा केवढा, किती वेगाने फिरतो, हेही अंदाजाने लावायचे. अशा हजारो शक्यता एका तुकड्यामागे. काम अवघड नाही, पण अफाट आहे, आणि त्याचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत. म्हणूनच ते वाटता येते. मामांच्या मुनिमाला एका तुकड्याला काही तास लागतात.

यातली बरीच मोजमापे पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या दुर्बिणीची. तीनशेपाच मीटर व्यासाची ती दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिने ऐकून ठेवलेले मात्र त्यानंतरही घरोघरच्या यंत्रांवर तपासले जात राहिले.

मामांना सगळ्यात आवडली ती पडताळणीची पद्धत. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी पाठवतात. दोघांची उत्तरे जुळली तरच मान्य. नाही जुळली तर तिसऱ्याकडे. तो दुसरा कोण, कुठल्या देशातला, त्याचे यंत्र लहान की मोठे, याच्याशी काही देणेघेणे नाही. मामा म्हणाले, “अरे, आमच्या ऑफिसात पण हेच. एकाने बेरीज केली की दुसऱ्याने टिक मारायची. याची पेन्सिल लाल, त्याची निळी. साहेबाचा आकडा असला तरी टिक लागायचीच.” या यंत्राच्या कामाची नोंद ते एका जुन्या खतावणीत ठेवतात. तारीख, किती तुकडे गेले, किती मान्य झाले, किती नामंजूर. नामंजूर रकाना मी उलटून पाहिला. जवळजवळ रिकामा होता.

आता एक खरे सांगायला हवे, कारण या छोट्या यंत्रांचे कौतुक करताना ते बहुधा झाकले जाते. पाय वीज कमी खातो, पण कामही कमी करतो. आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड याच प्रकारचे काम मिनिटांत उरकते. विजेच्या एका युनिटमागे किती काम झाले असा हिशेब मांडला तर तिथेही बहुतेक वेळा कार्डच पुढे जाते. मग पाय कशाला? माझे मत असे की तुलना चुकीच्या दोन गोष्टींत होते. मामांच्या घरी कार्ड नाही. ते घ्यायचे तर हजारो रुपये आणि दीडशे-दोनशे वॉट. निवड होती ती खणात पडलेला पाय चालवायचा की पडू द्यायचा, एवढीच. त्याची किंमत कधीच देऊन झाली होती, अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात तसा. उरले पाच युनिट. म्हणून केवळ यासाठी नवा पाय विकत घेणाऱ्याला मी दोनदा विचार करायला सांगेन. तेवढ्या पैशांत गावच्या वाचनालयाला पुस्तके येतील. ज्याच्याकडे पडून आहे त्याने मात्र तो पडू देऊ नये.

लहान लहान गणकांची मोट बांधून मोठे काम करण्याची युक्ती आपल्या मराठी मुलखाला नवी नाही. अमेरिकेने ऐंशीच्या दशकात भारताला हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एक अवाढव्य मेंदू बनवण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाच्या छोट्या चिपा शेजारी शेजारी जोडून काम वाटून दिले होते. तत्त्व तेच, फक्त तिथे सगळे एका खोलीत होते. आणि मामांच्या गावाचेही एक नाव या इतिहासात आहे. नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत दिली, ती ‘करमरकर पद्धत’ म्हणून जगभर शिकवली जाते. मर्यादित साधने अनेक कामांत कशी वाटावीत म्हणजे सर्वांत जास्त लाभ होईल, हा तिचा विषय. मामींच्या दीडशे युनिटांचाही विषय तोच.

अगदी अलीकडे या लहान यंत्रांची आठवण साऱ्या जगाला झाली ती कोरोनाच्या काळात. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये प्रथिनांच्या घड्या उलगडणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’मध्ये इतके लोक शिरले की त्यांच्या संगणकांची एकत्रित ताकद एका सेकंदाला एकावर अठरा शून्ये एवढ्या गणितांवर गेली. एका ठिकाणी उभा असलेला कोणताही महासंगणक तेव्हा तिथवर पोहोचला नव्हता. (शून्ये मोजायची तर ग्वाल्हेरचाच किल्ला बरा. तिथल्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत.) त्याच वसंतात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या ‘रोझेटा ॲट होम’ने एआरएम चिपांसाठी आपला प्रोग्रॅम खुला केला आणि रास्पबेरी पायही त्या कामाला जुंपले गेले. बेकर यांना पुढे २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. घरच्या यंत्रांमुळे ते मिळाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांच्या प्रयोगशाळेच्या कामात वर्षानुवर्षे घरोघरच्या यंत्रांचा हातभार होता, हे खरे.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा धागा मात्र वेगळाच आहे. आइनस्टाइन ॲट होमचे मूळ काम पल्सार नव्हे, गुरुत्वीय लहरी. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची, क्षणभराची. पण एखादा न्यूट्रॉन तारा जरासा ओबडधोबड असेल तर फिरताना त्याची सतत, अतिशय मंद लहर येत राहायला हवी. ती अजून कोणालाही सापडलेली नाही आणि घरोघरचे संगणक तीच शोधत आहेत. गोंगाटातून अपेक्षित आकृती जुळवून काढण्याच्या शास्त्रात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे काम १९९१ पासूनचे, म्हणजे लायगोची यंत्रे उभी राहण्याच्याही आधीचे. आणि लायगोचे भारतातले यंत्र होणार आहे ते आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीवर पसरतील. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी खतावणीच्या शेवटच्या पानावर ‘हिंगोली’ एवढेच लिहून ठेवले.

शेजारच्या दुकानदाराने मामांना विचारले होते, “पैसे मिळतात का याचे?” मिळत नाहीत. गुण मिळतात, पण त्या गुणांनी भाजी येत नाही. आभासी चलन खणून काढण्याचा उद्योग वेगळा, आणि ‘तुमच्या संगणकाचा वेळ द्या, घरबसल्या कमवा’ अशी जाहिरात दिसली तर ती या प्रकारची नाही हे पक्के समजावे.

ग्वाल्हेरहून परतल्यावर मी हे वर्गात सांगितले, तेव्हा दोन मुलांनी लगेच सुचवले की आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले तीस संगणक रात्री रिकामेच असतात. मी त्यांना एक जुनी घटना सांगितली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने तिथल्या यंत्रांवर न विचारता असाच एक वाटून घेण्याचा उपक्रम बसवला. त्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला भरला गेला. २००२ च्या जानेवारीत तडजोड झाली तेव्हा एक वर्षाची देखरेख, दोन हजार शंभर डॉलर आणि ऐंशी तास समाजसेवा अशी त्याची किंमत ठरली. हेतू चांगला होता. पण यंत्रे त्याची नव्हती आणि वीजही त्याची नव्हती.

तेव्हा आम्ही रीतसर अर्ज केला आहे. तीस संगणकांसाठी नव्हे, तर भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात पडलेल्या दोन रास्पबेरी पायसाठी. अर्जात महिन्याचे युनिट लिहिले, वर्षाचे रुपये लिहिले, मे-जूनमध्ये बंद राहील असेही लिहिले. प्राचार्यांनी अर्ज वाचून विचारले की सुटीत वीज गेली तर बघणार कोण. ते दोन विद्यार्थी आळीपाळीने बघणार आहेत. त्यांच्या सह्या घेऊन अर्ज सोमवारी पुन्हा द्यायचा आहे.